घर भाड्याने देण्यापूर्वी : तालुक्याच्या गावातील छोट्या घरमालकासाठी कायदा आणि हिशोब

यवतमाळहून धामणगाव रेल्वेस्थानकाकडे जाणाऱ्या मार्गावर बाभुळगाव हे तालुक्याचे ठिकाण आहे. बेंबळा नदीवरील प्रकल्पामुळे या तालुक्याचे नाव विदर्भाबाहेरही पोहोचले. एरवी त्याची ओळख कापूस, सोयाबीन आणि तुरीचा मुलूख अशीच आहे. अशा गावात घर भाड्याने देण्याचा व्यवसाय मोठ्या शहरासारखा संघटित नसतो. निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतून कोणी घराच्या मागे दोन खोल्या काढतो, कोणी रस्त्याच्या बाजूने दोन गाळे बांधतो, तर नोकरीनिमित्त नागपूर, पुणे किंवा मुंबईला स्थायिक झालेल्या एखाद्या कुटुंबाचे वडिलोपार्जित घर रिकामे राहू नये म्हणून शेजाऱ्यांच्या ओळखीने कोणाला तरी दिले जाते. वऱ्हाडात ज्याला 'किरायेदार' म्हणतात, तो बहुधा बदलून आलेला शिक्षक, बँकेचा कर्मचारी, तहसील किंवा पंचायत समितीतील नोकरदार अथवा कृषी सेवा केंद्र चालवणारा दुकानदार असतो.

हे व्यवहार बव्हंशी विश्वासावर होतात. विश्वास ही चांगलीच गोष्ट. तथापि घराचा ताबा एकदा दुसऱ्याच्या हाती गेला की त्यानंतरचे प्रश्न विश्वासावर सुटत नाहीत, कागदावर सुटतात. छोट्या मालकाची आयुष्यभराची पुंजी एकाच घरात अडकलेली असते. म्हणून किल्ली देण्यापूर्वी कोणती माहिती असावी, याचा हा आढावा.

विदर्भातील भाडेकायद्याची पार्श्वभूमी

आज राज्यात सर्वत्र एकच भाडे नियंत्रण कायदा दिसत असला, तरी विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तशी स्थिती नव्हती. पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबईत १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता, मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद कायदा होता आणि विदर्भात 'मध्य प्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देणे व भाडे नियंत्रण आदेश, १९४९' लागू होता. यवतमाळ जिल्हा या तिसऱ्या व्यवस्थेत मोडत असे.

त्या आदेशाचे वैशिष्ट्य असे की, मालकाला थेट न्यायालयात जाता येत नसे. भाडेकरार संपवण्याची नोटीस देण्यासाठीसुद्धा आधी भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी लागे. थकबाकी, पोटभाडेकरू ठेवणे, मालकाची स्वतःची खरी गरज अशी कारणे तेथे सिद्ध करावी लागत. परवानगी मिळाल्यावर नोटीस आणि त्यानंतर दिवाणी दावा, असा दुहेरी प्रवास करावा लागे. विदर्भातील जुन्या पिढीच्या मनात 'भाडेकरू एकदा आला की जात नाही' ही धास्ती बसली, तिचे मूळ बऱ्याच अंशी या दुहेरी प्रक्रियेत आहे.

दुसरीकडे गोठवलेल्या भाड्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये न्यायालयाने मुंबई कायद्यातील प्रमाणित भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर राज्याने तिन्ही जुने कायदे रद्द करून 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' आणला. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

पहिला प्रश्न : कोणता कायदा लागू?

१९९९ चा अधिनियम राज्यातील प्रत्येक गावाला आपोआप लागू होत नाही. त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांतील निवास, शिक्षण, व्यवसाय, व्यापार किंवा साठवणुकीसाठी दिलेल्या जागांना तो लागू होतो. राज्य शासन अधिसूचनेद्वारे त्याची व्याप्ती बदलूही शकते. म्हणून लहान गावातील मालकाने आपले गाव अनुसूचीत अथवा नंतरच्या अधिसूचनेत आहे किंवा नाही, याची खात्री दुय्यम निबंधक कार्यालयातून किंवा स्थानिक वकिलाकडून प्रथम करून घ्यावी. बाभुळगावसारख्या तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर झाल्यानंतर तर जुन्या माहितीवर विसंबणे अधिकच धोक्याचे आहे.

जेथे हा अधिनियम लागू नाही, तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागू होतो. त्याच्या कलम १०६ नुसार वेगळा लेखी करार नसल्यास निवासाची किंवा दुकानाची भाडेपट्टी महिनेवारी मानली जाते आणि ती १५ दिवसांच्या नोटिशीने संपवता येते. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा मात्र नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो.

जेथे १९९९ चा अधिनियम लागू आहे, तेथे भाडेकरूला पुरेसे संरक्षण आहे. नियमित भाडे देणाऱ्या आणि अटी पाळणाऱ्या भाडेकरूला केवळ मालकाच्या मर्जीने काढता येत नाही. थकबाकीसाठी दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते. त्यानंतरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकीत रक्कम १५ टक्के व्याजासह न्यायालयात भरली आणि पुढेही तो नियमित भरत राहिला, तर त्या कारणावरून ताबा मिळत नाही. अनधिकृत पोटभाडेकरू, जागेचे नुकसान, शेजाऱ्यांना उपद्रव, सबळ कारणाविना सहा महिने जागा न वापरणे, मालकाची खरी व रास्त गरज ही ताबा मागण्याची अन्य प्रमुख कारणे आहेत. स्वतःच्या गरजेसाठी जागा मागितल्यास अधिक अडचण कोणाची होईल, हेही न्यायालय तपासते.

'अकरा महिन्यांचा कागद' : एक रूढ गैरसमज

शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर अकरा महिन्यांचा करार टंकलिखित करून नोटरीचा शिक्का घेतला की काम झाले, असा समज शहरांतही आढळतो. त्याचा उगम १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. त्या कायद्याने एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली; म्हणून नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांची पद्धत देशभर रुळली.

महाराष्ट्रात, १९९९ चा अधिनियम लागू असलेल्या क्षेत्रात, ही पळवाट उरलेली नाही. अधिनियमाच्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो की 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे अनुज्ञप्तीचा करार असो, तो लेखी असणे आणि नोंदवणे बंधनकारक आहे, मग मुदत कितीही लहान असो. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचा परिणाम पुढचा आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो. हजार-दीड हजार रुपये वाचवण्याच्या नादात मालक स्वतःची बाजू अशी दुबळी करून घेतो.

नोंदणी केल्यास मिळणारे संरक्षण तितकेच ठोस आहे. निवासासाठी अनुज्ञप्तीवर दिलेल्या जागेची मुदत संपल्यावर कलम २४ नुसार मालकाला नेहमीच्या दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करता येतो. लेखी करारातील मजकूर तेथे निर्णायक पुरावा मानला जातो. विरोध करायचा असल्यास राहणाऱ्या व्यक्तीला त्यासाठी आधी परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर जागा न सोडल्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. कलम २४ चा हा जलद मार्ग केवळ निवासी जागेसाठी आहे. दुकानाच्या गाळ्याला तो लागू नाही. गाळा देताना म्हणूनच करारातील मुदत, भाडेवाढ आणि वापराचे स्वरूप अधिक काटेकोरपणे लिहावे लागते. शिवाय कागदावर 'लायसन्स' लिहिले म्हणून व्यवहार लायसन्स ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स खटल्यात सांगितल्याप्रमाणे, दस्ताच्या नावापेक्षा त्याचा आशय आणि पक्षकारांचा हेतू पाहिला जातो.

खर्च किती?

अनुज्ञप्ती करारावरील मुद्रांक शुल्क मुदतीतील एकूण शुल्क आणि परत करावयाच्या अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का आकारले जाते. ही तरतूद ६० महिन्यांपर्यंतच्या करारांना आहे. समजा, दोन खोल्या दरमहा ४,००० रुपयांनी ११ महिन्यांसाठी दिल्या आणि २०,००० रुपये अनामत घेतली. एकूण शुल्क ४४,००० रुपये आणि अनामतीवरील व्याज सुमारे १,८३३ रुपये धरले, तर ४५,८३३ रुपयांवर पाव टक्का म्हणजे ११५ रुपयांच्या आसपास रक्कम येते. प्रत्यक्ष भरणा पूर्णांकात होत असल्याने ती थोडी वाढते. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि नागरी क्षेत्रात १,००० रुपये आहे. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन सुविधेमुळे परगावी राहणाऱ्या मालकालाही ही नोंदणी घरबसल्या करता येते. एका महिन्याच्या भाड्याहून कमी खर्चात मिळणारे हे संरक्षण आहे.

मालकीचे कागद

करार करणारी व्यक्ती खरोखर मालक आहे काय, हा प्रश्न भाडेकरूनेही विचारला पाहिजे आणि मालकानेही स्वतःला विचारला पाहिजे. ग्रामपंचायतीचा 'नमुना आठ' किंवा नगरपंचायतीची कर पावती ही कर आकारणीची कागदपत्रे आहेत, मालकीचा अंतिम पुरावा नव्हेत. नगर भूमापन झालेल्या ठिकाणी विदर्भात 'आखीव पत्रिका' म्हणून ओळखली जाणारी मिळकत पत्रिका, तसेच खरेदीखत आणि अकृषक परवानगी हे दस्त एकत्र ठेवावेत. जागा नझूलची, म्हणजे शासनाने पट्ट्याने दिलेली असल्यास पट्ट्याच्या अटी आणि त्याची मुदत आधी तपासावी.

वडिलोपार्जित घराबाबत सर्वाधिक घोळ होतात. वडिलांच्या निधनानंतर फेरफार झालेला नसतो, एक भाऊ गावात तर दोन बहिणी परगावी असतात आणि करारावर मात्र गावातल्या भावाची एकट्याची सही असते. भाडे कोणी घ्यायचे, यावरून उद्भवलेला कौटुंबिक वाद मग भाडेकरूच्या दारात येतो. सर्व सहमालकांच्या सह्या किंवा एकाला दिलेले नोंदणीकृत मुखत्यारपत्र हा त्यावरील सरळ उपाय होय.

गुंतवणुकीचा हिशोब

भाड्याच्या उत्पन्नासाठीच बांधकाम करावयाचे असल्यास आकडे आधी मांडावेत. उदाहरणादाखल, जागा धरून दोन खोल्या आणि एक गाळा यांवर १२ लाख रुपये खर्च झाले आणि खोल्यांचे ४,००० व गाळ्याचे ३,००० असे मासिक ७,००० रुपये भाडे ठरले, तर वर्षाचे ८४,००० रुपये होतात. तालुक्याच्या गावात नोकरदारांची बदली झाली की जागा काही काळ रिकामी राहतेच. अनेक कर्मचारी यवतमाळला राहून रोज 'अप-डाऊन' करणे पसंत करतात, त्यामुळे नवा भाडेकरू लगेच मिळेल याची शाश्वती नसते. वर्षात एक महिना रिकामा धरल्यास ७७,००० रुपये उरतात. कर, रंगरंगोटी आणि दुरुस्तीचे १२,००० वजा केले की हाती ६५,००० रुपये येतात. हे १२ लाखांवर साधारण ५.४ टक्के होतात. बँकेतील ठेवीच्या व्याजाशी हा दर ताडून पाहावा.

कर्ज काढून बांधणाऱ्यासाठी हिशोब आणखी कडक आहे. ८ लाख रुपये ९ टक्के दराने १५ वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ८,१०० रुपये येतो. म्हणजे दोन्ही जागा बारा महिने भरलेल्या असल्या, तरी भाड्यातून हप्ता भागत नाही. जागेची किंमत पुढे वाढेल, ही अपेक्षा चुकीचीच असते असे नाही. मात्र त्या अपेक्षेवर दरमहाचा हप्ता भरता येत नाही.

या भागातील काळी जमीन हाही खर्चाचा विषय आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पायाच्या भिंतींना तडे जातात. काळ्या मातीचा थर काढून मुरमाची भरणी करणे किंवा योग्य खोलीचा पाया घेणे बांधतानाच स्वस्त पडते. पाण्याची उन्हाळी सोय काय, हा प्रश्न तर भाडेकरू भाड्याच्या आधी विचारतो.

करारात काय असावे?

करारात जागेचे वर्णन आणि चतुःसीमा, वापराचा उद्देश, मुदत, भाडे किंवा शुल्क, ते देण्याची तारीख, अनामत आणि ती परत करण्याची मुदत, वाढीचा दर, नोटिशीचा कालावधी, वीज-पाण्याचे बिल कोणी भरायचे आणि किरकोळ दुरुस्ती कोणी करायची, या बाबी स्पष्ट असाव्यात. १९९९ च्या अधिनियमाने भाडेकरूच्या भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ करण्याचा हक्क मालकाला दिला आहे. ताबा देताना पंखे, दिवे, नळ, दारे-खिडक्या यांची यादी करून दोघांनी सही करावी आणि छायाचित्रे काढून ठेवावीत. अनामत परत करतानाचे निम्मे वाद या एका यादीने मिटतात.

अनामत किती घ्यावी, याला मापदंड म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याकडे पाहता येते. त्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या आणि अनिवासी जागेसाठी सहा महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. हा केवळ नमुना आहे. राज्याने स्वतंत्र कायदा केल्याखेरीज तो लागू होत नाही.

विजेबाबत एक दक्षता घ्यावी. घरगुती जोडणीवर दुकान चालवणे हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. जोडणी मालकाच्या नावावर असल्याने बिलही त्याच्याच नावाने येते. गाळ्यासाठी स्वतंत्र व्यापारी मीटर घेणे हेच श्रेयस्कर. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवण्याचे आदेशही वेळोवेळी निघतात. ते लागू असोत वा नसोत, ओळखपत्राची प्रत, नोकरीचे ठिकाण आणि मूळ गावचा पत्ता घेऊन ती माहिती देणे हिताचे असते.

मालकाची कर्तव्ये आणि कर

भाडे मिळाल्याची पावती देणे बंधनकारक आहे. जागा राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. पूर्वसूचना देऊन वाजवी वेळी जागा पाहण्याचा हक्क त्याला आहे, पण दुसऱ्या किल्लीने केव्हाही आत शिरण्याचा नाही. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडणे, सामान बाहेर काढणे, कुलूप लावणे हे प्रकार कायद्याच्या विरुद्ध आहेत. अशा रीतीने बाहेर काढलेल्या व्यक्तीला १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवता येतो. न्याय्य बाजू असलेला मालक तेथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

'बारा वर्षे राहिला की भाडेकरू मालक होतो' ही भीतीही निराधार आहे. भाडेकरूचा ताबा मालकाच्या परवानगीने असतो. तो ताबा प्रतिकूल ठरत नाही, आणि भाडेकरूपण चालू असताना मालकाचा हक्क नाकारण्यास पुरावा कायदा त्याला मज्जाव करतो. धोका असतो तो पावती नाही, करार नाही आणि भाडेही वर्षानुवर्षे घेतलेले नाही, अशा ठिकाणी; कारण तेथे ताबा परवानगीचा होता हेच सिद्ध करणे जड जाते.

भाड्याचे उत्पन्न करपात्र आहे. स्थानिक संस्थेला प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेतून ३० टक्के ठोक वजावट मिळते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील ही सवलत १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या कायद्यातही कायम आहे. भाडे बँकेमार्फत घेतल्यास कराचा हिशोब सोपा होतो आणि थकबाकीचा पुरावाही आपोआप तयार होतो.

वाद उद्भवल्यास

पहिले पाऊल लेखी असावे. टपाल खात्याने २०२५ मध्ये नोंदणी टपाल स्पीड पोस्टात विलीन केले असल्याने नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पोचल्याचा पुरावा जपून ठेवावा. नोटिशीत थकीत महिने, रक्कम आणि मागणी नेमकी लिहावी. कारण १९९९ च्या अधिनियमातील थकबाकीचे असो वा १८८२ च्या कायद्यातील महिनेवारी भाडेपट्टी संपवण्याचे, सदोष नोटिशीमुळे चांगला दावाही अडखळतो. मालकाने भाडे घेण्याचे टाळू नये; मात्र नोटिशीनंतर आलेली रक्कम कोणत्या महिन्यापोटी आणि कोणत्या हक्काला बाधा न आणता स्वीकारली, हे पावतीवर नमूद करावे. बदली होऊन जाणाऱ्या भाडेकरूकडून जागा परत घेताना ताबा पावती लिहून घेणे आणि त्याच दिवशी मीटरचे आकडे नोंदवून अनामतीचा हिशोब पुरा करणे, हे शेवटचे काम राहता कामा नये. पुढच्या भाडेकरूच्या चौकशीला हाच जुना भाडेकरू उत्तर देत असतो, आणि लहान गावात त्याचा शब्द कोणत्याही जाहिरातीपेक्षा दूरवर पोहोचतो.